बियाणे उगवले नाही तर : शेतकऱ्याचे ग्राहक म्हणून हक्क

मृगाचा पाऊस झाला, जमिनीत पुरेशी ओल आली, वाफसा साधून पेरणी उरकली आणि आठ-दहा दिवसांनी शेतात जाऊन पाहावे तो तासेच्या तासे रिकामी, असा प्रसंग ज्याच्यावर ओढवला असेल त्यालाच त्याची झळ कळते. अशा वेळी बियाण्याचे पैसे गेले एवढेच नुकसान होत नाही. नांगरणी-वखरणीचा खर्च, खत, पेरणीची मजुरी ही सर्व वाया जातात. दुबार पेरणीसाठी पुन्हा पैसा उभा करावा लागतो, आणि तो उभा राहीपर्यंत पेरणीचा योग्य काळ निघून जातो. गेलेला हंगाम कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. तीस किलोच्या एका पिशवीच्या किमतीपेक्षा खरे नुकसान कितीतरी पटींनी अधिक असते ते यामुळेच.

बहुतेक शेतकरी अशा वेळी दुकानदाराकडे जातात. दुकानदार कंपनीकडे बोट दाखवितो, कंपनीचा प्रतिनिधी पावसाकडे बोट दाखवितो, आणि शेतकरी नशिबाला दोष देऊन परत येतो. वस्तुतः या बाबतीत शासनाचे कायदे आहेत, ते अमलात आणणारी यंत्रणा आहे, आणि नुकसानभरपाई देवविणारे न्यायपीठही प्रत्येक जिल्ह्यासाठी आहे. परंतु या सर्वांचे चाक फिरावयास लागते ते शेतकऱ्याने जपलेल्या कागदांनी आणि पहिल्या काही दिवसांत झालेल्या पाहणीने. ते काम गावपातळीवरचे आहे, म्हणून या विषयाची सविस्तर माहिती गावपातळीवरील कार्यकर्त्यांस असणे अगत्याचे आहे.

शेतकरी ‘ग्राहक’ आहे काय?

हा प्रश्न वरवर पाहता विचित्र वाटेल. जो पैसे देऊन वस्तू घेतो तो ग्राहक, हे लहान मुलालाही ठाऊक आहे. परंतु बियाणे विकणाऱ्या संस्थांनी अनेक वर्षे न्यायालयांत असा युक्तिवाद केला की, शेतकरी पीक काढून बाजारात विकतो, तेव्हा तो व्यापारी हेतूने बियाणे घेतो, सबब तो ग्राहक नव्हे. दुसरा युक्तिवाद असा की, बियाण्यांसाठी १९६६ चा स्वतंत्र बियाणे अधिनियम असताना ग्राहकांच्या न्यायपीठापुढे ही तक्रार चालूच शकत नाही. तिसरा युक्तिवाद सर्वांत घातक होता. बियाणे सदोष असल्याचे प्रयोगशाळेत तपासून सिद्ध झाले पाहिजे, आणि ज्या अर्थी शेतकऱ्याने बियाण्याचा नमुना राखून ठेवलेला नाही त्या अर्थी त्याची तक्रार फेटाळावी, असे म्हटले जात असे.

या तिन्ही प्रश्नांचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २०१२ रोजी दिला. प्रकरण आंध्र प्रदेशातील होते. तेथील शेतकऱ्यांनी बियाणे घेतले होते ते कोणा खाजगी व्यापाऱ्याकडून नव्हे, तर राष्ट्रीय बीज निगम या केंद्र शासनाच्या कंपनीकडून. विक्रेता शासनाचा आहे म्हणून त्याला निराळा न्याय लागत नाही, ही गोष्ट या प्रकरणात लक्षात ठेवण्याजोगी आहे. पीक फसल्यानंतर शेतकरी जिल्हा ग्राहक मंचांकडे गेले. मंचांनी काही प्रकरणांत कृषितज्ज्ञांना आयुक्त नेमून शेतांची पाहणी करविली, आणि पीक सदोष बियाण्यामुळे गेले असे अहवाल आले. भरपाईचे आदेश झाले. त्यांवर अपिले होत होत ही प्रकरणे दिल्लीपर्यंत पोहोचली.

सर्वोच्च न्यायालयाने निगमची अपिले फेटाळली. बियाणे अधिनियमात दंडाची तरतूद आहे, परंतु ज्याचे पीक गेले त्याला भरपाई देण्याची तरतूद त्यात नाही. त्यामुळे त्या अधिनियमाने ग्राहक कायद्याचा मार्ग बंद होत नाही, असे न्यायालयाने ठरविले. शेतकरी हा ग्राहकच आहे, हेही ठरले. नमुन्याच्या बाबतीत न्यायालयाने जे म्हटले त्याचा आशय असा की, शेतकरी घेतलेले सर्व बियाणे पेरून टाकतो. पुढे कधी तपासणीची वेळ येईल म्हणून त्याने त्यातील काही भाग बाजूस ठेवावा ही अपेक्षाच अवास्तव आहे. नमुना हवाच असेल तर तो विक्रेत्या संस्थेने आपल्या साठ्यातून सादर करावयास पाहिजे होता. १९६८ च्या बियाणे नियमांप्रमाणे विक्रेत्याने विकलेल्या प्रत्येक लॉटची नोंद तीन वर्षे ठेवावयाची असते, व त्या लॉटचा नमुना संपूर्ण लॉट विकला गेल्यानंतर एक वर्ष होईपर्यंत टाकून द्यावयाचा नसतो. तेव्हा नमुना कोणाजवळ असतो हे उघड आहे.

हा निकाल १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली झाला. त्या कायद्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला व तो २० जुलै २०२० पासून अमलात आला. नव्या कायद्यातही आपला चरितार्थ चालविण्यासाठी स्वतःच्या श्रमाने केलेल्या कामाकरिता घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची समजली जात नाही, व इतर कायद्यांच्या जोडीला हा कायदा आहे, ही तत्त्वे कायम आहेत.

दोन कायदे, दोन कामे

बियाणे अधिनियम व ग्राहक कायदा यांची कामे भिन्न आहेत, आणि त्यांची गल्लत झाल्याने पुष्कळ तक्रारी वाटेतच अडकून पडतात.

बियाणे अधिनियमाखाली बीज निरीक्षक नेमलेले असतात. निरीक्षक दुकानातून नमुना घेतो तेव्हा त्याचे तीन भाग करून मोहोरबंद केले जातात. एक भाग ज्याच्याकडून नमुना घेतला त्याला, दुसरा बीज विश्लेषकाकडे, आणि तिसरा न्यायालयात गरज पडल्यास सादर करण्यासाठी राखून ठेवावयाचा. उगवणशक्ती ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा कमी निघाली तर विक्री थांबविता येते व खटलाही भरता येतो. परंतु १९६६ च्या अधिनियमात पहिल्या अपराधासाठी जो दंड लिहिला गेला तो पाचशे रुपयांपर्यंत. दुसऱ्या वेळी हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही. १९६६ साली पाचशे रुपये ही लहान रक्कम नव्हती. पुढील काळात मात्र ती इतकी क्षुल्लक ठरली की तिचा धाक कोणास वाटावा असा प्रश्न पडतो. १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाने विक्रेत्यास परवाना सक्तीचा केला, व परवाना निलंबित वा रद्द होण्याची भीती त्याला दंडापेक्षा अधिक वाटते. याच आदेशाने साठा व भाव यांचा फलक दुकानात लावणे आणि प्रत्येक खरेदीदारास पावती देणे बंधनकारक झाले.

तथापि, निरीक्षकाने खटला भरला व दंड वसूल झाला, तरी तो दंड सरकारी तिजोरीत जातो. शेतकऱ्याच्या हाती काही पडत नाही. भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोगाकडेच गेले पाहिजे. कृषि खात्याकडे तक्रार दिली म्हणजे भरपाई आपोआप मिळेल अशा समजुतीने वर्ष-दोन वर्षे वाट पाहणारे शेतकरी आढळतात. दोन वर्षे ही ग्राहक कायद्यातील मुदत आहे, आणि ती निघून गेली की विलंबाचे समाधानकारक कारण आयोगाला पटवून द्यावे लागते. दोन्ही मार्ग एकाच वेळी चालू ठेवण्यास कसलीही हरकत नाही.

खरेदीच्या वेळची दक्षता

येथे फार लिहिण्याची गरज नाही, कारण कृषि खाते हे दर हंगामात सांगत असते. पक्की पावती घ्यावी. तिच्यावर पिकाचे व वाणाचे नाव, लॉट नंबर, वजन, किंमत व तारीख असावी. पावती देण्याचे नाकारणे ही २०१९ च्या कायद्याप्रमाणे स्वतंत्रपणे ‘अनुचित व्यापारी प्रथा’ ठरते, ही गोष्ट उधारीवर बियाणे घेणाऱ्यांस विशेषेकरून सांगितली पाहिजे. उधारीच्या व्यवहारात पुष्कळदा कच्च्या चिठ्ठीवर काम भागविले जाते, आणि नेमक्या याच शेतकऱ्याला नुकसान सोसण्याची ताकद सर्वांत कमी असते.

पिशवीला शिवलेल्या टॅगचा रंग पाहावा. प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा, पायाभूत बियाण्याचा पांढरा, आणि उत्पादकाने स्वतःच्या जबाबदारीवर विकलेल्या सत्यप्रत बियाण्याचा हिरवा असतो. टॅगवर तपासणीची तारीख व मुदत असते, ती वाचावी. पिशवी फोडताना टॅगची शिवण उसवू नये. खालच्या बाजूने फोडावी. रिकामी पिशवी, तीत मूठ-दोन मुठी बियाणे, टॅग आणि पावती ही पीक हाती येईपर्यंत एके ठिकाणी कोरड्या जागी जपून ठेवावीत. सर्वोच्च न्यायालयाने नमुना ठेवण्याची सक्ती शेतकऱ्यावर केलेली नाही हे खरे. परंतु ठेवलेला नमुना असेल तर पुष्कळ वाद आपोआप मिटतात.

उगवण कमी दिसली म्हणजे

सर्वांत महत्त्वाचे काम येथे आहे. शेतकऱ्याने पंचायत समितीच्या कृषि अधिकाऱ्याकडे अथवा तालुका कृषि अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी, व तिच्या प्रतीवर पोच घ्यावी. तोंडी तक्रार झालीच नाही असे समजावे. त्यानंतर तालुका पातळीवरील तक्रार निवारण समिती शेतावर येऊन पाहणी करते. समितीत कृषि खात्याच्या अधिकाऱ्यांबरोबर कृषि विद्यापीठाचे शास्त्रज्ञही असतात. पाहणीची सूचना विक्रेत्यास व उत्पादक कंपनीस आगाऊ गेली पाहिजे. ते आले नाहीत तरी चालते, परंतु सूचना दिल्याचा पुरावा हवा. नाहीतर ‘आमच्या पाठीमागे पंचनामा झाला’ हा आक्षेप पुढे अहवालाच्या मुळावर येतो.

पंचनाम्यात ‘उगवण अत्यंत कमी आढळली’ असे एक वाक्य लिहून भागत नाही. अशा वाक्यावर आधारलेले अनेक दावे आयोगांपुढे टिकलेले नाहीत. किती कमी, कोणत्या गटात, किती क्षेत्रावर, आणि कशामुळे, हे त्यात आले पाहिजे. गट नंबर व क्षेत्र सात-बाराशी जुळणारे असावे. पेरणीची तारीख, एकरी वापरलेले बियाणे, पेरणीची पद्धत व खोली, बीजप्रक्रिया केली असल्यास तिचा तपशील, पेरणीपूर्वीचा व नंतरचा पाऊस, जमिनीचा प्रकार व ओल यांची नोंद करावी.

उगवण मोजण्याची रीत सोयाबीनच्या उदाहरणाने दाखविता येईल. समजा, एकरी ३० किलो बियाणे पेरले आहे आणि शंभर दाण्यांचे वजन १२ ग्रॅम आहे. म्हणजे एकरात अडीच लाख दाणे पडले. दोन ओळींतील अंतर ४५ सेंटिमीटर असेल तर एकरात सुमारे ९,००० मीटर लांबीच्या ओळी होतात. तेव्हा ओळीच्या दर मीटरला सुमारे २८ दाणे पडले. सोयाबीनसाठी किमान उगवणशक्ती ७० टक्के ठरलेली आहे. त्या हिशेबाने मीटरला १९-२० रोपे दिसावयास पाहिजेत. शेतातील निरनिराळ्या ठिकाणी, बांधाजवळचा भाग वगळून, दहा-बारा जागी एकेक मीटर ओळ मोजावी व प्रत्येक आकडा लिहावा. प्रयोगशाळेतील उगवण व शेतातील उगवण यांत थोडे अंतर राहतेच, म्हणून मीटरला पंधरा-सोळा रोपे आढळल्यास बियाण्याला दोष देता येणार नाही. पाच-सहाच आढळली तर मात्र विचारणे भाग आहे.

मग प्रश्न येतो कारणाचा. न उगवलेले दाणे ओळीतून उकरून पाहावेत. दाणा कोरडाच, जसाच्या तसा असेल तर ओल अपुरी होती असा तर्क निघतो. दाणा फुगून कुजला असेल आणि शेत पाण्याखाली राहिले नसेल, तर बियाण्याच्या सजीवतेविषयी शंका घ्यावी लागते. कोंब निघून मातीच्या पापुद्र्याखाली वाकडा होऊन अडकला असेल तर दोष बियाण्याचा नव्हे, पेरणीनंतरच्या जोरदार सरीचा आहे. यापेक्षाही बोलका पुरावा शेजारच्या शेतात असतो. त्याच दिवशी, त्याच जमिनीत, दुसऱ्या लॉटचे बियाणे नीट उगवले आणि हा लॉट पडला. किंवा हाच लॉट गावातील चार निरनिराळ्या शेतांत सारखाच पडला, असे आढळल्यास पावसाकडे बोट दाखविण्यास फारशी जागा उरत नाही. म्हणून पाहणी करणाऱ्यांनी तक्रारदाराचेच शेत पाहून परत फिरू नये. लगतची दोन शेते पाहून त्यांची नोंद अहवालात करावी, आणि शेवटी ‘बियाणे सदोष’ किंवा ‘बियाणे सदोष नाही’ हा आपला अभिप्राय स्पष्ट शब्दांत, कारणांसह लिहावा. मोघम अभिप्राय दोन्ही पक्षांवर अन्याय करणारा असतो.

समितीला येण्यास उशीर होतो, ही तक्रार पुष्कळ ठिकाणी रास्त आहे. दुबार पेरणीचा काळ समितीसाठी थांबत नाही. अशा वेळी शेतकऱ्याने आधीच्या पेरणीतील काही ओळी शेताच्या मध्यभागी न मोडता राखून ठेवाव्यात, गावातील दोन जाणत्या शेतकऱ्यांसमक्ष मोजणी करून त्यांच्या सह्या घ्याव्यात, छायाचित्रे काढावीत, आणि आपण अमुक तारखेस दुबार पेरणी करीत आहोत असे कृषि अधिकाऱ्यास लेखी कळवून मग शेत मोडावे.

दोष नेहमी बियाण्याचाच नसतो

२०२० च्या खरिपात मराठवाडा व विदर्भ या भागांतून सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी फार मोठ्या संख्येने आल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांची स्वतःहून दखल घेतली. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, काढणीच्या ऐन वेळी अवकाळी पाऊस झाला होता आणि बियाण्याचे पीक भिजले होते. सोयाबीनच्या दाण्याचे आवरण फार नाजूक असते. पिशवी उंचावरून आपटली, एकावर एक फार थर रचले, किंवा दाणा एकदा भिजून वाळला, तरी त्याची उगवणशक्ती खालावते. हे संकट निसर्गाचे खरे. परंतु भिजलेल्या पिकाचा दाणा ‘बियाणे’ म्हणून टॅग लावून विकणे ही माणसाची कृती आहे, आणि टॅगवर लिहिलेल्या आकड्याची जबाबदारी विकणाऱ्यावर राहते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. पुरेसा पाऊस होण्याआधी, पहिल्या सरीवरच घाईने पेरणी केली; तीन-चार सेंटिमीटरच्या ऐवजी दाणा खोल गेला; ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राने दाणा फुटला; तर बियाणे कितीही चांगले असून उपयोग नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये ही शिफारस याचसाठी आहे. पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवड्याने किती उगवले हे मोजण्यास खर्च काहीच येत नाही. ही चाचणी पेरणीच्या आठ-दहा दिवस आधी झाली, आणि तिचा निकाल वाईट आला, तर पिशवी न पेरताच परत करता येते व सारे प्रकरण तेथेच संपते. गावपातळीवरील कार्यकर्त्याने मे महिन्याच्या अखेरीस अशी चाचणी चावडीवर दहा-वीस शेतकऱ्यांसमक्ष करून दाखविल्यास जून-जुलैतील पुष्कळ पंचनामे वाचतील.

जिल्हा ग्राहक आयोगापुढे

ग्राहक आयोग म्हटले की खर्च, वकील व शहरातील हेलपाटे असे चित्र डोळ्यांपुढे येते. यातील बरेचसे निराधार आहे. २०१९ च्या कायद्याने दावा कोठे दाखल करावयाचा हे मागितलेल्या भरपाईवरून नव्हे, तर वस्तूसाठी दिलेल्या किमतीवरून ठरते. दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे, असे २०२१ च्या नियमांनी ठरविले. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. बियाण्याची किंमत काही हजारांच्या घरात असते. याचा अर्थ, पीक बुडाल्याने कितीही नुकसान झाले असले तरी शेतकऱ्याचा दावा आपल्याच जिल्ह्यात आणि विनाशुल्क दाखल होऊ शकतो. कंपनीचे कार्यालय हैदराबादेत असो वा दिल्लीत, तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, ही २०१९ च्या कायद्याने दिलेली मोठी सवलत आहे. पूर्वी असे नव्हते. वकील देणे सक्तीचे नाही, व तक्रार संगणकाद्वारेही पाठविता येते.

तक्रारीत विक्रेता व उत्पादक दोघांनाही पक्षकार करावे. एकालाच केले की तो दुसऱ्यावर ढकलतो. तक्रारीसोबत पावती, टॅग, कृषि अधिकाऱ्याकडील पोच, समितीचा अहवाल, सात-बारा व छायाचित्रे जोडावीत. भरपाईची रक्कम कशी काढली हेही दाखवावे. मागील दोन-तीन वर्षांच्या बाजार समितीतील विक्रीच्या पट्ट्या जोडल्यास त्या क्षेत्रात किती उत्पन्न येते याचा आधार मिळतो. अव्वाच्या सव्वा आकडा लिहिणे अहिताचे आहे. हिशेब नसलेला मोठा आकडा आयोग कमी करतो, आणि तक्रारदाराच्या सचोटीविषयीही शंका उत्पन्न होते.

एकाच लॉटचे बियाणे अनेकांनी पेरले असेल व सर्वांचे हित सारखे असेल, तर आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. नोंदलेली ग्राहक संघटनाही सभासदांच्या वतीने तक्रार करू शकते. लॉट नंबरला महत्त्व आहे ते यामुळे. गावातील तक्रारींची नोंद शेतकऱ्यांच्या नावाप्रमाणे न ठेवता लॉट नंबराप्रमाणे ठेवली, तर कोणाचे दुःख एकाच पिशवीतून निघाले आहे हे चटकन दिसून येते.

नोटीस मिळाल्यानंतर विरुद्ध पक्षाने ३० दिवसांत उत्तर द्यावयाचे असते. आणखी जास्तीत जास्त १५ दिवस वाढवून मिळतात. त्यापलीकडे मुदत वाढविता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० साली स्पष्ट केले. तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत, व प्रयोगशाळेतील तपासणी लागल्यास पाच महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात याहून पुष्कळ अधिक काळ लागतो, हे तक्रारदारास आरंभीच सांगितलेले बरे. निकालाविरुद्ध राज्य आयोगाकडे अपील करावयाचे झाल्यास भरपाई देण्याचा आदेश झालेल्या पक्षाला निम्मी रक्कम आधी भरावी लागते. त्यामुळे केवळ वेळ काढण्यासाठी अपील करण्यास थोडा आळा बसतो.

भाव आणि ‘लिंकिंग’

येथवर मालाच्या गुणवत्तेचा विचार झाला. भावाची गोष्ट निराळी आहे. माल चांगला असूनही, तो एकाच हाती असल्यामुळे मनमानी भावाने विकला जात असेल, तर एकटा शेतकरी जिल्हा आयोगापुढे फार काही करू शकत नाही. त्यासाठी स्पर्धाविषयक कायदा आहे, आणि तेथे शासनालाच पुढे व्हावे लागते. कपाशीच्या बियाण्याचा इतिहास याचे चांगले उदाहरण आहे.

बी.टी. कपाशीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाची किंमत २००५ च्या सुमारास १,६०० रुपयांच्या वर होती. त्यातील १,२५० रुपये बियाण्याचे नसून त्यातील जनुकाच्या तंत्रज्ञानापोटीचे शुल्क होते. देशात हे तंत्रज्ञान पुरविणारी त्या वेळी मुख्यतः एकच कंपनी होती, ती म्हणजे महिको मोन्सँटो बायोटेक. आंध्र प्रदेश शासनाने २००६ साली मक्तेदारी व निर्बंधक व्यापारी प्रथा आयोगाकडे तक्रार केली. मे २००६ मध्ये आयोगाने हे शुल्क वाजवी प्रमाणात आणण्याचा अंतरिम आदेश दिला. त्यानंतर आंध्र शासनाने पाकिटाची किंमत ७५० रुपयांवर आणली, आणि इतर राज्यांतही भाव उतरले. एकाच हंगामात पाकिटाची किंमत निम्म्याहून खाली आली! महाराष्ट्राने कापूस बियाण्याची किंमत ठरविण्याचा अधिकार शासनाकडे घेणारा स्वतंत्र अधिनियम २००९ साली केला. पुढे डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र शासनाने कापूस बियाणे किंमत नियंत्रण आदेश काढला. त्याखाली दोन जनुके असलेल्या वाणाच्या पाकिटाची किंमत २०१६ साठी ८०० रुपये ठरली, व तीतील तंत्रज्ञान-शुल्क ४९ रुपयांवर आले. २०२० साली ते शून्य करण्यात आले.

१९६९ च्या मक्तेदारीविषयक कायद्याची जागा दरम्यान २००२ च्या स्पर्धा कायद्याने घेतली होती. भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१६ मध्ये याच कंपनीविरुद्ध चौकशीचा आदेश दिला. कंपनीने त्यास दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. पेटंटधारकाने आपला हक्क कसा वापरला हे पाहण्याचे काम पेटंट कायद्याखालील यंत्रणेचे आहे, स्पर्धा आयोगाचे नव्हे, असा निर्णय त्या न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने जुलै २०२३ मध्ये दिला. भावाच्या बाबतीत शेतकऱ्यास प्रत्यक्ष दिलासा मिळाला तो चौकशीने नव्हे, तर किंमत ठरविण्याच्या अधिकाराने, असेच या सतरा-अठरा वर्षांवरून म्हणावे लागते.

याच जातीची एक लहान गोष्ट प्रत्येक हंगामात गावोगाव घडते. युरियाची पिशवी हवी असेल तर अमुक विद्राव्य खत वा अमुक औषधाची बाटली घेतलीच पाहिजे, असे दुकानात सांगितले जाते. यास ‘लिंकिंग’ म्हणतात. दुकानदाराचे म्हणणे असे असते की, कंपनी आपल्यालाच अशी सक्ती करते; आणि पुष्कळदा ते खरेही असते. कंपनीने विक्रेत्यावर लादलेली अशी जोडविक्री स्पर्धा कायद्याच्या कक्षेत येते. दुकानदाराने शेतकऱ्यावर लादलेली सक्ती मात्र ग्राहक कायद्यात मोडते. एक वस्तू घेण्यासाठी दुसरी घेण्याची अट घालणे ही ‘निर्बंधक व्यापारी प्रथा’ होय, असे त्या कायद्यात स्पष्टपणे म्हटलेले आहे. तेव्हा नको असलेली बाटली घ्यावीच लागली तर ती पावतीवर लिहून घ्यावी. दुकानदार ती निराळ्या पावतीवर किंवा बिनपावतीने देऊ पाहतो, कारण एकाच पावतीवरील दोन नोंदी हाच लिंकिंगचा पुरावा असतो. एकाच दिवशी, एकाच दुकानातून दहा शेतकऱ्यांनी युरियाबरोबर तीच बाटली घेतल्याच्या दहा पावत्या कार्यकर्त्याने एकत्र करून तालुका कृषि अधिकाऱ्याकडे दिल्यास योगायोगाची सबब चालत नाही. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ वरही अशी तक्रार मराठीतून नोंदविता येते; नोंदविल्यावर मिळणारा क्रमांक त्याच पावतीच्या पाठीमागे लिहून ठेवावा.